हातभर सावली

शनिवार जवळ आला की रमीबाई धास्तावून जायची.

नवापूरच्या डोंगरपट्ट्यात मिशनच्या शाळेला लागून एक कौलारू बंगला होता. समुद्रापलीकडच्या बर्फाच्या मुलखातून आलेलं तिघांचं कुटुंब तिथं राहायचं. शाळा चालवणारे सायब, मडमबाई, आणि त्यांची एकुलती एक मुलगी इंगा. सुरतेहून आगगाडीनं येऊन ती तिघं नवापूरला उतरली, त्याला दोन वर्षं झाली होती. रमीबाई त्यांचा स्वयंपाक करायची. ती त्याच डोंगरातली. संवत छप्पन्नच्या मोठ्या दुष्काळात पोरकी होऊन मिशनच्या आसऱ्याला आली, तिथंच चार बुकं शिकली, लग्न केलं, विधवाही झाली. त्यामुळे मडमबाईंची पुस्तकातून शिकलेली मराठी साऱ्या गावात तिलाच धड कळायची.

त्या काळी डोंगरावर कुणी कामाशिवाय जात नसे. लाकडासाठी जावं, मधासाठी जावं, मोह वेचायला जावं, चुकलेलं जनावर शोधायला जावं. ही तिघं मात्र दर शनिवारी कातडी बूट चढवून नुसती चालायला निघायची. वर पोचायचं, खडकावर बसायचं, डबा उघडून खायचं आणि उतरून यायचं. वर ठेवलेलं काही आणायचं नाही, वर काही नेऊन ठेवायचं नाही.

बंगल्यावर पाणी भरणारा उखा शहाद्याकडचा, सपाटीवरचा माणूस. त्याला याची भारी मौज वाटे.

"काय वं रमीबाई, आज बी डोंगर मोजाले जाणं शे का?" तो घागर उतरवता उतरवता विचारायचा. "मांगना शनवारले व्हता तेवढाच शे ना? का वाढी गया?"

"तुझं तोंड तेवढं वाढलंय," रमीबाई म्हणायची. "पाण्याची सुरई घे आणि गुमान मागून चाल."

कारण उखाला आणि तिला दोघांनाही बरोबर जावं लागे. त्याच्या खांद्यावर पाणी, तिच्या डोक्यावर डब्यांची पाटी.

नुसतं चालणं असतं तर रमीबाईनं देवाचे आभार मानले असते. पण या माणसांना वाटेत दिसेल ते खाऊन बघायचं असायचं. त्यांच्या देशात रानातून लाल आंबट फळं वेचून आणतात, ती इथं मिळत नाहीत, म्हणून इंगानं बोरं खाल्ली, आवळे खाल्ले, टेंभुर्णीची फळं खाल्ली. सायबांनी भाजलेला मोह खाल्ला. बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी तर दोनदा मागून घेतली. मडमबाई नागलीची भाकरी सुरीनं कापून काट्यानं खायच्या आणि म्हणायच्या, "रमीबाई, हा पदार्थ अत्यंत रुचकर आहे." मग कापडी पुठ्ठ्याच्या वहीत त्याचं चित्र काढायच्या, खाली त्यांच्या भाषेत काहीतरी लिहायच्या. ती वही नाताळला त्यांच्या आईकडे बोटीनं जायची होती.

हसायला यावं असंच होतं ते. पण घास त्यांच्या तोंडात आणि जीव रमीबाईचा टांगलेला. विशेषतः इंगाचा घास. इंगा आठ संपून नवव्यात जायची होती, रमीबाईला मावशी म्हणायची, तिच्यासारखीच डोंगरातली बोली बोलायची आणि तिच्यासारखीच उकिडवी बसायची. ती काही चावायला लागली की रमीबाई तिच्या गळ्याकडे बघत राहायची, घास खाली उतरेपर्यंत.

आणि एके शनिवारी इंगानं कडूकंद पाहिला.

चढावर अर्ध्या वाटेला दगूबाई म्हातारीचा पाडा होता. तिथल्या ओढ्यात टोपल्या बांधून ठेवलेल्या होत्या आणि टोपल्यांत पांढऱ्या चकत्या पाण्याखाली हलत होत्या.

"ए मावशी, हे काय गं?"

रमीबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दगूबाईनंच उत्साहानं सांगितलं. जमिनीखालचा कंद. चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, मग तीन रात्री वाहत्या पाण्यात ठेवायच्या. पाणी त्यातलं विष घेऊन जातं. मग तेलात मिरची-लसूण घालून खाल्ला तर माणूस बटाटा विसरतो.

"माझ्या वाढदिवसाला हेच हवं," इंगा म्हणाली.

"विष असलेलं?" मडमबाई दचकल्या.

"विष निघून गेलेलं," सायब हसून म्हणाले. "आपल्याकडे नाही का मासे चुन्याच्या पाण्यात ठेवून मग धुतात? माणसं सगळीकडे शहाणी असतात."

झालं. वाढदिवस पुढच्याच शनिवारी होता. रमीबाईनं दोन दिवस टाळून बघितलं. पण इंगा ऐकेना, आणि ही पोर रुसून स्वतःच खणायला गेली तर काय घ्या! दुसऱ्या कुणाच्या हातचं खाण्यापेक्षा माझ्या हातचं बरं, असं म्हणून तिनं मंगळवारी कंद आणला.

तिच्या पाड्यात कडूकंदाची एक रीत होती. ज्या बाईनं कंद चिरला तिनं पहिली चकती स्वतः खायची. मग अंगणात काठी रोवायची, तिच्या सावलीच्या टोकापासून हातभर अंतरावर रेघ ओढायची, आणि सावली रेघेला टेकेपर्यंत थांबायचं. बाईला काही झालं नाही, तरच बाकीच्यांनी हात लावायचा. तोवर भांड्याजवळ एकानं बसायचं.

मडमबाईंच्या घरातही एक रीत होती. स्वयंपाक करणाऱ्यानं चाखायचं नाही. नवापूरच्या बाजारात पावसाळ्यात पटकीनं माणसं गेली होती, तेव्हापासून ही रीत आणखी कडक झाली होती. पाणी उकळून गाळून घ्यायचं, हात साबणानं धुवायचे, भांड्यात बोट घालायचं नाही. आधीच्या स्वयंपाक्याला डावानं चाखताना पाहिलं, त्या दिवशी त्याला कायमची रजा मिळाली होती.

रमीबाईनं कंदाच्या चकत्या राख घालून उकडल्या, टोपलीत भरल्या, टोपलीचं तोंड पळसाच्या पानांनी झाकलं आणि बंगल्यामागच्या नाल्यात, धार चांगली जोरात होती तिथं, उंबराच्या मुळीला बांधली. तीन रात्री पुरतात. मंगळवार ते शनिवार तिनं चार धरल्या. बुधवारी सकाळी तिला सासरी जाणं भाग होतं, नागलीची मळणी होती. जाताना उखाला म्हणाली, "दिवसातून दोनदा बघ. टोपली पाण्याबाहेर येता कामा नये."

"तू जाय वं. मी शे ना."

शुक्रवारी दिवस मावळताना ती परतली आणि पाटी खाली न ठेवताच नाल्यावर गेली. टोपली जागेवर होती. पाणी पानांवरून वाहत होतं. पण गाठ तिची नव्हती. ती मुळीला दोन वेढे देऊन दोर खालून काढायची. ही बैल बांधतात तसली गाठ होती.

"उखा, ही गाठ कुणी बांधली?"

उखा कुऱ्हाडीला धार लावत होता. त्यानं मान वर केली नाही. "सुटी गयी व्हती. मी बांधी दिधी. टोपली वाही जाती ना!"

"कधी सुटली?"

"आते माले काय याद शे? तू बी काय गाठ गाठ करी ऱ्हायनी!"

रात्रभर ती गाठ रमीबाईच्या डोळ्यांपुढून हलेना. शनिवारी पहाटे तिनं चकत्या काढल्या. बोटांत धरून चोळून बघितल्या. किंचित बुळबुळीत लागल्या, की लागल्यासारखं वाटलं? चार रात्री, ती स्वतःला म्हणाली. माझ्या हातानं ठेवल्या. मग तिनं त्या पुन्हा उकडल्या, तेल तापवलं, लसूण घातला, मिरची घातली. वास इतका सुरेख सुटला की सायब बूट बांधता बांधता दारात डोकावून गेले.

इथं बसून सावली सरायची वाट बघणं शक्य नव्हतं. सायबांच्या घड्याळात सात वाजले की निघायचंच. पण डबा दुपारी वरच उघडायचा असे. रमीबाईनं मनाशी हिशेब बांधला: आत्ता मी खाते. दुपारपर्यंत काठी मीच आणि सावलीही मीच. काही झालं तर डबा उघडणारच नाही.

दाराकडे पाठ करून तिनं एक चकती तोंडात टाकली.

"मावशी, काय खातेस?"

इंगा दारात उभी होती. नवा निळा झगा, पायात बूट, केस अजून मोकळे.

"काही नाही गं बाय. जा, वेणी घालून घे."

मग रमीबाई मागच्या अंगणात जाऊन उखाला हाका मारून आली. आली तेव्हा भांड्याचं झाकण जरा तिरपं होतं. तिनं ते नीट बसवलं, फडक्यात बांधलं आणि पाटी डोक्यावर घेतली.

पहिला चढ सरला तेव्हा ऊन कोवळं होतं. सायब पुढे शीळ वाजवत चालले होते. मडमबाई मध्येच थांबून कुठल्यातरी पानाचं चित्र काढत होत्या. इंगा आज पुढे धावत नव्हती, आईचा हात धरून चालत होती. रमीबाई चालताना गिळून बघत होती. घसा बरा आहे. पुन्हा गिळलं. बरा आहे ना? तिला वाटलं, जिभेच्या मुळाशी खाजतंय. मग वाटलं, मिरची आहे ती. लसूण असेल. आपण रात्रभर झोपलो नाही, त्यानं तोंड आलं असेल.

दगूबाईचा पाडा मागे पडला. वाट दगडांची लागली.

आता घशात बारीक कुसळ टोचल्यासारखं व्हायला लागलं होतं. तिनं उखाकडून पाणी घेऊन प्यायलं. पाण्यानं ते गेलं नाही, खाली सरकलं. ओठ जड झाले. समोरच्या सायबांच्या एका टोपीच्या दोन दिसल्या, पुन्हा एक झाली.

ऊन लागलं असेल, तिनं म्हणून बघितलं. मार्गशीर्षातलं ऊन! तिची तिलाच लाज वाटली.

ती जागीच थांबली. पाटी उतरवली, फडकं सोडलं, आणि कंदाचं भांडं उचलून दरीच्या बाजूला पालथं केलं. चकत्या दगडांवरून घरंगळत गेल्या.

"रमीबाई!" मडमबाई ओरडल्या. "हे काय करता?"

"खायचं नाही ते. उतरला नाही कंद. विष गेलेलं नाही."

"तुम्हांला कसं समजलं?"

"मी खाल्लाय."

मडमबाईंचा चेहरा कठीण झाला. "तुम्ही भांड्यात हात घातला? आपल्या घरात..."

"मडमबाई, मला काढून टाका, काय करायचं ते करा," रमीबाईची जीभ अडखळत होती, "पण कुणी हात लावू नका त्याला."

तिला मळमळून आलं, ती वाकून ओकली, आणि तोंड पुसून वर बघते तो इंगा रडत होती. आवाज न करता, दोन्ही हात गळ्यावर धरून.

"मावशी," ती म्हणाली, "मी पण खाल्ला. तू खाल्लास म्हणून. एकच."

रमीबाईच्या पायांखालची वाट सरकली ती कंदानं नव्हे.

पुढचं सगळं पळापळीत झालं. तिनं पोरीला गुडघ्यावर पालथं घातलं आणि घशात दोन बोटं घातली. मडमबाई किंचाळल्या. सायबांनी बायकोचा दंड धरला आणि म्हणाले, "करू दे." दोनदा नुसताच उमासा आला, तिसऱ्यांदा थोडं पडलं. "दगूबाईकडे," रमीबाई म्हणाली, आणि सायबांनी मुलगी खांद्यावर टाकली. त्या दगडांच्या वाटेनं माणूस बसून बसून उतरतो, सायब धावले. उखा पुढे हाका मारत गेला. रमीबाई झाडांना धरत मागून आली. वाट तिला कधी रुंद दिसे, कधी नाहीशी होई, आणि वाटेच्या कडेला काठी रोवलेली दिसे.

दगूबाई लगेच कामाला लागली. चिंच कोळली, मीठ घातलं, पोरीच्या तोंडाला लावलं. पोर ओकली. पुन्हा पाजलं, पुन्हा ओकली. मग ताकाचं गाडगं आलं. अर्धं इंगाला, अर्धं रमीबाईला.

"झोपू देऊ नका तिला," म्हातारी म्हणाली. "बोलत ठेवा."

पण इंगाचे डोळे मिटत होते. ओठ सुजले होते. सायब त्यांच्या भाषेत तिला काहीतरी विचारत होते, ती अर्धवट उत्तर द्यायची आणि मान टाकायची. मडमबाई तिचे तळवे चोळत होत्या.

दगूबाई रमीबाईकडे वळली. "तू आमच्यातली असून असं कसं झालं? किती रात्री ठेवलास?"

"चार."

"वाहत्या पाण्यात?"

"वाहत्या."

"मग होत नाही असं," म्हातारी ठामपणे म्हणाली.

उखा दाराशी बसला होता. त्यानं मुंडकं खाली घातलं. "मडमबाईनी सांगं व्हतं," तो पुटपुटला, "रमीबाईले बोलू नको म्हनीसन."

मडमबाईंचे हात थांबले. त्यांच्या तोंडून आधी त्यांची भाषा आली, मग मराठी. "टोपली मी काढली. बुधवारी. वर म्हशी पाण्यात बसल्या होत्या. ते पाणी घाण होतं, मला पटकीचं भय वाटलं. मी सर्व चकत्या आत आणल्या, उकळलेल्या पाण्यात ठेवल्या. दोनदा पाणी बदललं. स्वच्छ पाणी. आणि काल उखाकडून परत... तुम्हांला वाईट वाटू नये म्हणून." त्या थांबल्या. "मला वाटलं, मी अधिक चांगलं करत आहे."

दोनच रात्री, रमीबाईच्या मनात आलं. मंगळवारची एक आणि कालची एक, तेवढंच वाहतं पाणी लागलं.

तिला राग यायला हवा होता. उखाच्या त्या गाठीचा, त्या स्वच्छ पाण्याचा. पण राग यायला जागाच नव्हती. ती इंगाच्या उशाशी सरकली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोलायला लागली, डोंगरातल्या बोलीत, पोरीनं जागं राहावं म्हणून.

"बाय, ऐक. मला एक भाऊ होता. खात्या त्याचं नाव. हसू नको, होतंच तसं. ऐकतेस ना? पाच वर्षांचा. दुष्काळ पडला होता. झाडांची पानंसुद्धा संपली होती. माझ्या आईनं कंद केला. पहिली चकती खाल्ली, काठी रोवली, रेघ ओढली, आणि मला म्हणाली, रमे, तू बस भांड्याजवळ, मी पडते जरा. मी तुझ्याएवढीच होते. खात्या रडत होता. भूक भूक करत होता. सावली रेघेपासून चार बोटं लांब होती. चार बोटंच. मी त्याला दोन चकत्या दिल्या."

इंगाचे डोळे किलकिले झाले. "मग?"

"आई उठली ती ओकतच उठली. ती मोठी होती, वाचली. तेव्हा वाचली. खात्या संध्याकाळपर्यंत होता. आईला वाटलं, त्यानं चोरून खाल्लं. मी कुणाला सांगितलं नाही. आज सांगतेय."

मडमबाईंना ती बोली पुरती कळत नव्हती. पण चकती कळली, चार बोटं कळली, दोन चकत्या कळल्या. त्यांनी रमीबाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवला. कोण कुणाला धरून होतं, ते सांगता आलं नसतं.

दुपार कलली. दगूबाईच्या कोंबड्या आत येऊन गेल्या. सायब दर थोड्या वेळानं मुलीची नाडी बघायचे आणि घड्याळाकडे बघायचे. रमीबाईचा स्वतःचा घसा सुजून पाण्याचा घोट उतरत नव्हता, पण तिचं लक्ष तिकडे नव्हतंच. एकदा इंगाचे हात गार पडले, तेव्हा तिनं मनातल्या मनात येशूलाही हाक मारली आणि डोंगरातल्या देवालाही, कोण जवळ असेल त्यानं यावं म्हणून.

मग केव्हातरी इंगा कूस बदलून म्हणाली, "मावशी, माझ्या वेणीत काहीतरी टोचतंय."

वाळकं पान होतं. रमीबाईनं ते काढलं. पोरीनं डोळे नीट उघडले, आजूबाजूला पाहिलं, आणि विचारलं, "माझा वाढदिवस संपला?"

"नाही संपला," दगूबाई म्हणाली. "आधी ताक पी."

मडमबाई तेव्हा रडल्या. इतका वेळ रडल्या नव्हत्या.

महिन्याभरानं, नाताळ उलटून गेल्यावर, दगूबाईनं उखाबरोबर टोपलीभर कंद पाठवला, ओढ्यातून काढलेला. रमीबाईला वाटलं, मडमबाई तो फेकून देतील. खरं तर तिला तेच हवं होतं. पण मडमबाई त्यांची नवी वही घेऊन स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या रीतीनं करू. सर्व रीतीनं."

अंगणात काठी रोवली गेली. सायब घड्याळ आतच ठेवून आले. रमीबाईनं पहिली चकती सगळ्यांच्या देखत खाल्ली. आणि ती खाली बसते न बसते, तोच मडमबाईंनी बोटांनी एक चकती उचलली, काटा-सुरी काही नाही, आणि तोंडात टाकली.

"तुम्ही कशाला?" रमीबाई घाबरली. "एकीनं खायची असते. कंद चिरणारीनं."

"पाण्याबाहेर काढला होता तो मी," मडमबाई म्हणाल्या. "म्हणून दोघींनी."

"आते दोन मडमा व्हयी गयात," उखा लांबून म्हणाला, पण कुणी हसलं नाही, तोही नाही.

सगळे जण रेघेकडे बघत बसले. इंगा भांड्याजवळ बसायला निघाली, तशी रमीबाईनं तिला ओढून मांडीत घेतलं आणि तिची दोन्ही मनगटं धरून ठेवली. सावली बोटाबोटानं सरकत होती. चार बोटं उरली. दोन उरली. टेकली.

"मावशी, झालं! सोड ना," इंगा म्हणाली. "टेकली सावली."

"दिसतंय मला," रमीबाई म्हणाली. आणि सावली रेघ ओलांडून आणखी वीतभर पुढे गेली, तोवर तिनं ती मनगटं सोडली नाहीत.